रग्बीचे हेडमास्तर : विश्वासावर चालणारे प्रशासन आणि त्याची किंमत

डॉ. टॉमस आर्नोल्ड हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते. ज्यांना माहीत असते त्यांना ते कवी आणि समीक्षक मॅथ्यू आर्नोल्ड यांचे वडील म्हणून, नाहीतर 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' या १८५७ सालच्या कादंबरीतले दरारा असलेले हेडमास्तर म्हणून. मराठी वाचकाचा आणखी एक घोटाळा हमखास होतो. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या कॉलेजचे प्राचार्य आणि 'लाइट ऑफ एशिया'चे कर्ते एडविन आर्नोल्ड हे याच घराण्यातले, अशी समजूत करून घेतली जाते. तसे काही नाही, दोन्ही घराणी वेगळी.

मी आर्नोल्ड यांच्याकडे वळलो ते शिक्षणाच्या ओढीने नव्हे. एखादी बिघडलेली संस्था हातात आल्यावर ती सुधारण्याचे मार्ग कोणते, हा प्रश्न नोकरीत वारंवार समोर येतो, आणि त्याची उत्तरे आपल्या परिपत्रकांत सापडत नाहीत. आर्नोल्ड यांनी एक उत्तर प्रत्यक्ष करून दाखवले. त्या उत्तराचे दोष आपल्यापर्यंत येऊन पोहोचले आहेत, म्हणून ते मुळापासून पाहण्याजोगे आहे.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म १३ जून १७९५, आइल ऑफ वाइट बेटावरील कावस येथे. विंचेस्टरची शाळा, मग ऑक्सफर्ड, १८१५ साली ओरिएल कॉलेजची फेलोशिप. त्यानंतर नऊ वर्षे थेम्स नदीकाठच्या लेलम गावी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची खासगी शिकवणी. १८२७ च्या अखेरीस रग्बीच्या विश्वस्तांनी त्यांची निवड केली आणि ऑगस्ट १८२८ मध्ये ते रुजू झाले. मोठी शाळा चालवण्याचा अनुभव शून्य. शिफारसपत्र देणाऱ्या हॉकिन्स यांनी मात्र हा माणूस इंग्लंडमधील सगळ्या पब्लिक स्कूलांचे रूप पालटून टाकील, असे भाकीत केले होते. आज आपल्या निवड समित्यांपुढे असा उमेदवार आला तर अनुभवाच्या रकान्यातच बाद होईल! चौदा वर्षे हेडमास्तरकी करून, पदावर असतानाच, १२ जून १८४२ रोजी हृदयविकाराने ते गेले. सत्तेचाळिसावा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता.

त्या काळच्या पब्लिक स्कूलांची अवस्था आज वाचताना अंगावर काटा येतो. शेकडो मुले वसतिगृहांत कोंडलेली. वर्गाबाहेर त्यांच्यावर कुणाचाही अंमल नाही. थोरल्या मुलांनी धाकट्यांना राबवून घ्यायचे, मारायचे, आणि मास्तरांनी हाती सापडलेल्याला फटके द्यायचे. अधूनमधून मुले उघड बंड करीत. रग्बीतच १७९७ साली असे बंड मोडण्यासाठी सैनिक बोलवावे लागले होते.

आर्नोल्ड यांनी काय केले? नवे नियम फार थोडे केले. जी थोरली मुले धाकट्यांवर अंमल गाजवीत होतीच, त्या सहाव्या इयत्तेच्या मुलांना त्यांनी राज्यकारभारात सामील करून घेतले. सर्वात वरच्या इयत्तेतील या मुलांना प्रीपोस्टर म्हणत. त्यांचे अधिकार काढून घेण्याऐवजी ते मान्य केले, आणि त्या अधिकारासोबत जबाबदारी बांधली. या इयत्तेला ते स्वतः शिकवीत. शाळेची अब्रू तुमच्या हातात आहे, तुमच्यावर माझा भरवसा नसेल तर माझे येथे काम नाही, असा त्यांचा त्यांच्याशी बोलण्याचा रोख असे. शपथेवर पुरावे मागत नसत. मुलगा म्हणाला तसे असेल, तर तसेच. परिणाम असा की आर्नोल्ड यांच्याशी खोटे बोलणे मुलांना लाजिरवाणे वाटू लागले, कारण ते विश्वासच ठेवतात.

सहायक मास्तरांच्या बाबतीतही हेच धोरण. पूर्वी हे मास्तर जवळपासच्या चर्चमध्ये जोडनोकरी करून पोट भरीत आणि शाळा हे त्यांचे दुय्यम काम असे. आर्नोल्ड यांनी वसतिगृहे मास्तरांकडे सोपवली, त्यांचे उत्पन्न वाढवले आणि जोडनोकरी सोडायला लावली. दर तीन आठवड्यांनी सर्व मास्तरांची बैठक होई. तिच्यात प्रत्येकाने मोकळेपणाने बोलावे असा प्रघात होता आणि कधीकधी बहुमत खुद्द हेडमास्तरांच्या विरुद्ध जाई. आपल्या जिल्हास्तरीय आढावा बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वाक्याचे मोल कळेल. आपल्याकडे बैठकीत मत मांडले जात नाही, आकडा वाचून दाखवला जातो.

वरच्या बाजूला विश्वस्त मंडळ होते, त्यात वॉरिकशायरचे सरदार आणि जमीनदार. शाळेच्या अंतर्गत कारभारात त्यांची ढवळाढवळ आर्नोल्ड यांनी कधी चालू दिली नाही. मला काढून टाकण्याचा तुम्हाला अधिकार आहे, मला हुकूम सोडण्याचा नाही, ही त्यांची भूमिका. १८३६ साली त्यांनी ऑक्सफर्डच्या कर्मठ धर्मपंडितांवर 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये जहाल लेख लिहिला. लेखावर नाव नव्हते. एका विश्वस्ताने पत्र पाठवून विचारले, हा लेख तुमचाच काय? विश्वस्त या नात्याने तुम्हाला हे विचारण्याचा अधिकार नाही, असे उत्तर गेले. निंदाव्यंजक ठराव आला, मते चार विरुद्ध चार पडली आणि ठराव बारगळला. शासकीय नोकरीत असताना लिहिणाऱ्या माणसाला हा प्रसंग वाचून थोडा हेवा वाटतो, हे मान्य केलेच पाहिजे.

येथपर्यंतची गोष्ट चरित्रकार स्टॅन्ली यांनी १८४४ साली लिहिली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात ती घराघरांत वाचली गेली. स्टॅन्ली हे आर्नोल्ड यांचेच विद्यार्थी, त्यामुळे पुस्तक भक्तीने भरलेले आहे. १९१८ साली लिटन स्ट्रेची यांनी 'एमिनंट व्हिक्टोरियन्स'मध्ये त्या मूर्तीची यथेच्छ टिंगल केली. मला दोन्ही अपुरी वाटतात. भक्ताला संस्थेतून बाहेर फेकलेले दिसत नाहीत, आणि टिंगल करणाऱ्याला संस्था चालवावी लागलेली नसते.

बाहेर फेकलेल्यांविषयीच आता बोलायचे आहे.

रग्बीची शाळा १५६७ साली लॉरेन्स शेरिफ नावाच्या लंडनच्या किराणा व्यापाऱ्याने मृत्युपत्राने स्थापन केली. आपल्या गावच्या आणि शेजारच्या खेड्यातल्या मुलांना फुकट शिकता यावे हा त्याचा हेतू. अडीच शतकांत शाळेची कीर्ती वाढली आणि बाहेरगावचे पैसेवाले विद्यार्थी मुख्य झाले. तरी गावातल्या दुकानदाराच्या मुलाचा हक्क कागदोपत्री कायम होता. आर्नोल्ड यांनी खालचे वर्ग जवळपास मोडीत काढले. लहान मुलांना मोठ्या मुलांच्या शाळेत ठेवणे नीतीच्या दृष्टीने घातक, हे त्यांचे कारण, आणि ते खोटे नव्हते. पण वरच्या वर्गात प्रवेश हवा तर आधी लॅटिन पाहिजे. ते शिकवणारा खालचा वर्ग नाही, आणि खासगी मास्तर ठेवण्याची गावकऱ्यांची ऐपत नाही. हक्क शाबूत राहिला, फक्त तो वापरता येईनासा झाला. अखेर गावकरी चान्सरी न्यायालयात गेले आणि १८३९ साली लॉर्ड लँगडेल यांनी याबाबतीत आर्नोल्ड यांच्या कारभारावर ताशेरे ओढले. गावच्या मुलांसाठी लॉरेन्स शेरिफ यांच्या नावाची स्वतंत्र शाळा उघडली ती १८७८ साली. दरम्यान चार दशके गेली.

पात्रतेची अट घालून हक्क निकामी करण्याची ही रीत प्रशासनात फार जुनी आहे. योजना सर्वांसाठी खुली असते, आणि अर्जासोबत असा दाखला मागितला जातो की ज्याला योजनेची खरी गरज आहे त्याच्याकडेच तो नसतो. हे करणारा अधिकारी बहुधा दुष्ट नसतो. दर्जा टिकवावा, गैरवापर टळावा, असाच त्याचा हेतू असतो. आर्नोल्ड यांचाही तोच होता. गरिबांविषयी त्यांना कळकळ नव्हती असे मुळीच नाही. १८३१ साली त्यांनी कामगारांच्या प्रश्नांवर स्वतःच्या खर्चाने 'इंग्लिशमन्स रजिस्टर' नावाचे साप्ताहिक काढले होते. ते अल्पायुषी ठरले ही गोष्ट वेगळी. देशातल्या गरिबांबद्दल लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःच्या फाटकाबाहेरचे गरीब दिसले नाहीत.

विश्वासाच्या धोरणालाही तडे गेलेच. १८३० च्या दशकात एका मुलाने सांगितले की अमुक धडा आम्हाला नेमून दिलेलाच नव्हता. त्याच्या मास्तरांनी नेमून दिल्याचे सांगितले. आर्नोल्ड यांनी मुलाला खोटारडा ठरवून अठरा फटके मारले. नंतर कळले की मुलगा खरे बोलत होता. आर्नोल्ड यांनी मुलाची आणि सर्वांसमक्षही क्षमा मागितली, परंतु वर्तमानपत्रांनी त्यांना सोडले नाही. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे : शब्दावर विश्वास ठेवणारी व्यवस्था, दोन शब्द एकमेकांविरुद्ध उभे राहिले की वरिष्ठाच्या शब्दाकडे झुकते. तपासण्याची सवयच तिने लावून घेतलेली नसते.

इतिहासकार म्हणून आर्नोल्ड यांचे काम आज फारसे वाचले जात नाही, पण त्या काळी ते नवे होते. जर्मन इतिहासकार नीबूर यांचा रोमचा इतिहास वाचता यावा म्हणून ते जर्मन शिकले. दंतकथा आणि पुरावा वेगळा करण्याची नीबूर यांची पद्धत त्यांनी इंग्रजीत आणली. थुसिडिडीसची संपादित आवृत्ती १८३० ते १८३५ या काळात आली. रोमच्या इतिहासाचा पहिला खंड १८३८ साली निघाला, तिसरा मृत्यूनंतर, आणि हॅनिबलच्या युद्धातच ग्रंथ थांबला. १८४१ साली ऑक्सफर्डला आधुनिक इतिहासाचे रिजियस प्राध्यापकपद मिळाले आणि हेडमास्तरकी सांभाळून त्यांनी तेथे व्याख्याने दिली, तीही तुडुंब गर्दीत. त्या व्याख्यानांत एक विचार आहे : इतिहासात पुढे येऊन सूत्रे हाती घेईल अशी नवी जमात आता जगात उरलेली दिसत नाही, म्हणून आधुनिक युग हे बहुधा मानवी इतिहासाचे शेवटचे युग असावे. रोमच्या दंतकथा इतक्या काटेकोरपणे तपासणाऱ्या माणसाने आपल्या काळाविषयीची ही दंतकथा तपासली नाही. आपल्या देशाचा विचार त्यात कोठे येतो हे सांगायला नकोच.

आर्नोल्ड स्वतः कधी हिंदुस्थानात आले नाहीत. त्यांची शाळा मात्र आली, आणि तीन वेगवेगळ्या वाटांनी आली.

पहिली वाट त्यांच्या मुलाची. विल्यम डेलाफील्ड आर्नोल्ड १८४८ साली कंपनीच्या फौजेत दाखल होऊन येथे आला. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे दारू, जुगार आणि देशी माणसांविषयीचा तुच्छपणा यांनी भरलेले जीवन पाहून तो हबकला. १८५३ साली त्याने त्यावर 'ओकफील्ड' नावाची कादंबरी लिहिली, आधी टोपणनावाने. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर पंजाबात शिक्षण खाते उभे राहिले, तेव्हा तो तेथे शिक्षणसंचालक झाला. धरमशाला येथे पत्नी वारली. स्वतः आजारी पडून मायदेशी परतताना एप्रिल १८५९ मध्ये जिब्राल्टरला त्याचा अंत झाला, वय अवघे एकतीस. पोरकी झालेली चार मुले बहीण जेन आणि तिचे पती विल्यम फॉर्स्टर यांनी वाढवली. हेच फॉर्स्टर १८७० च्या इंग्लंडच्या प्राथमिक शिक्षण कायद्याचे शिल्पकार.

दुसरी वाट जॉर्ज कॉटन यांची. आर्नोल्ड यांच्या हाताखाली रग्बीत मास्तर, मग मार्लबरोचे हेडमास्तर, आणि १८५८ पासून कलकत्त्याचे बिशप. थंड हवेच्या ठिकाणी शाळा काढण्याची कल्पना त्यांनी उचलून धरली. सिमल्याचे आणि बंगळूरचे बिशप कॉटन स्कूल आजही त्यांचे नाव चालवतात. प्रीफेक्ट, हाउस, हाउसमास्टर ही सगळी रचना अशा शाळांतून आपल्याकडे रुजली. १८६६ साली कुष्टिया येथे बोटीवर चढताना फळीवरून पाय घसरून ते नदीत पडले आणि त्यांचा देह सापडला नाही.

तिसरी वाट विल्यम हॉडसनची. तोही आर्नोल्ड यांच्या काळातला रग्बीचा विद्यार्थी. हुशार, धाडसी, स्वतःच्या निर्णयावर अमर्याद विश्वास असलेला. गाइड्स पलटणीचा प्रमुख असताना हिशेबातील गोंधळाबद्दल चौकशी होऊन १८५५ मध्ये त्याला पदावरून दूर केले. नंतरच्या तपासणीत बराचसा ठपका पुसला गेला. २१ सप्टेंबर १८५७ रोजी हुमायूनच्या कबरीपाशी बहादूरशहा जफर याच्या हाती आला. दुसऱ्या दिवशी त्याने तेथूनच मिर्झा मुघल, मिर्झा खिज्र सुलतान आणि मिर्झा अबू बक्र या शहाजाद्यांना ताब्यात घेतले, आणि दिल्लीच्या वेशीपाशी आणून, चौकशी नाही, खटला नाही, स्वतःच्या हाताने गोळ्या घातल्या. खुनी दरवाजा दिल्लीत अजून उभा आहे.

एका माणसाच्या कृत्यासाठी त्याच्या शाळेला जबाबदार धरणे न्यायाचे नाही. त्याच शाळेतून 'ओकफील्ड' लिहिणारा विल्यमही निघाला होता. तरीही मला हॉडसनचे उदाहरण टाळता येत नाही. निवडक माणसाच्या शीलावर सारी भिस्त ठेवणारी पद्धत चांगल्या माणसाच्या हाती उत्तम चालते आणि वाईट माणसाला अडवण्याचे साधन तिच्यापाशी नसते. मी योग्य माणूस आहे, म्हणून मी केले ते योग्य, ही त्या पद्धतीच्या पोटातली व्याधी.

भारतीय सनदी सेवेची खुली स्पर्धा परीक्षा १८५५ साली सुरू झाली, म्हणजे आर्नोल्ड यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. त्यामुळे ती त्यांनी घडवली असे म्हणता येणार नाही. पण ती उत्तीर्ण होऊन येणारे तरुण त्यांच्या वळणाच्या शाळांतून येऊ लागले. पंचविशीतल्या माणसाला एक मुलूख सोपवायचा आणि तो सचोटीने वागेल असे गृहीत धरायचे, ही रीत प्रीपोस्टरच्या नेमणुकीचीच मोठी आवृत्ती होती. फिलिप मेसन या आयसीएस अधिकाऱ्याने १९५४ साली आपल्या सेवेचा इतिहास लिहिताना तिला प्लेटोच्या आदर्श राज्यातल्या 'रक्षकां'ची उपमा दिली. रक्षकांवर लक्ष कुणी ठेवायचे, हा त्याहून जुना प्रश्न. स्वातंत्र्यानंतर आपण त्याला जे उत्तर दिले ते दुसऱ्या टोकाचे. कुणावरच विश्वास ठेवायचा नाही आणि प्रत्येक गोष्टीची नोंदवही ठेवायची.

जिल्ह्यात असताना मी आदिवासी आश्रमशाळांना भेटी देत असे. एका शाळेत अकरा नोंदवह्या होत्या, सगळ्या अद्ययावत, सगळ्यांवर तपासणीच्या सह्या. दुपारी पंगतीत वाढलेल्या वरणात डाळ शोधावी लागत होती. दुसऱ्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या मुलामुलींची समिती नेमली होती. शिधा आला की तो काट्यावर ही मुले तोलून घेत आणि फळ्यावर वजन लिहीत. तेथे कागदपत्रे अर्धवट होती, त्याबद्दल लेखापरीक्षणात आक्षेपही निघाला, पण डाळ घट्ट होती. अर्नोल्डी पद्धत म्हणजे काय ते मला तेथे समजले, त्या मुख्याध्यापकांनी आर्नोल्ड यांचे नाव ऐकले असण्याची शक्यता नसताना.

मात्र दोन्ही शाळांत मी आणखी एक गोष्ट विचारीत असे : मोठी मुले लहानांकडून कपडे धुवून घेतात का? उत्तर आधी नेहमी 'नाही' असे येई आणि नंतर, शिक्षक लांब गेले की, कोणीतरी पहिली-दुसरीतले पोर खरे सांगे. रग्बीत या चाकरीला फॅगिंग म्हणत. आर्नोल्ड यांनी ती बंद केली नाही. तिला शिस्त लावता येईल असे त्यांना वाटले. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली विनियम आणले. हे उच्च शिक्षणाच्या आवारांत थोडेफार पोहोचले. निवासी शाळांत, जेथे मुले सहा वर्षांची असतात, तेथे ते पोहोचले आहेत असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. १९६१ साली साताऱ्यापासून सुरू झालेल्या सैनिकी शाळा, १९८६ पासूनची नवोदय विद्यालये, सर्वत्र हाउस आणि कॅप्टन यांची रचना आहे. ती आपण उचलली. तिच्यासोबत सहाव्या इयत्तेला स्वतः शिकवणारा आणि रोज त्या मुलांशी बोलणारा हेडमास्तर हवा असतो, तो उचलला नाही. पुष्कळ आश्रमशाळांत मुख्याध्यापकाचा प्रभार अतिरिक्त असतो आणि अधीक्षकाचे पद रिक्त.

म्हणून मला वाटते की निवासी शाळांसाठी नवे नमुने आणि नवे ॲप काढण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. मुख्याध्यापक आणि अधीक्षक ही पदे एक दिवसही रिकामी राहू नयेत, आणि नेमलेल्या माणसाला तेथे किमान पाच वर्षे मिळावीत. शिधा तोलण्याचे आणि भोजनगृहाचे काम मुलांच्या समितीकडे द्यावे, मात्र समिती दर तीन महिन्यांनी बदलावी आणि तिच्यात पाचवी-सहावीची मुलेही असावीत, केवळ थोरली नकोत. आणि तक्रारपेटीची किल्ली शाळेत ठेवू नये. ती प्रकल्प अधिकाऱ्याने शाळेबाहेरच्या एखाद्या व्यक्तीकडे द्यावी, शक्यतो त्याच गावातल्या एखाद्या आईकडे, आणि पेटी महिन्यातून एकदा ग्रामसभेच्या दिवशी तिनेच उघडावी.